धावरं आणि बॉलपेनची रेघ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गडबड तुम्हाला काय सांगायची! तिळाचे लाडू वळायचे, वाणाच्या वस्तू मोजून ठेवायच्या, आणि त्यात माझी सकाळची शाळा. गेल्या संक्रांतीला आमच्या नांदेडच्या घरी असाच गोंधळ चालला होता. दुपारी सासूबाई पलंगावर बसून डावी पोटरी चोळीत होत्या. "पाय लई जळजळायलाय गं," त्या म्हणाल्या. मी पाकाकडे डोळा ठेवूनच विचारले, "फार चालणं झालं का?" त्याही म्हणाल्या, "जाऊ दे, होईल बरं. आधी तुझं हळदीकुंकू पार पडू दे." बाईच्या दुखण्याचे आपल्या घरांत असेच असते. दुखणारीही सणाकडे बघते आणि बघणारीही!

संध्याकाळी त्यांना कणकण आली. तेव्हा मी काय केले ते सांगायला आज लाज वाटते. पण हे सदर आपले घरचे आहे, तेव्हा लपवीत नाही. मागे मुलाचा घसा दुखला तेव्हा ॲझिथ्रोमायसिनच्या पाच गोळ्या आणल्या होत्या. तीन गोळ्यांत त्याला बरे वाटले म्हणून दोन तशाच कपाटात राहिल्या होत्या. त्यातली एक मी सासूबाईंना दुधाबरोबर दिली आणि वाण वाटायला बाहेर गेले.

सकाळी बघते तो काय, पोटरी लालबुंद, सुजून चकचकीत झालेली. हात लावला तर तव्यासारखी गरम. लालीची कड कशी, धिरड्याच्या कडेसारखी उचललेली, हाताला लागत होती. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर धावरं! गेरू उगाळून लाव. मंत्र टाकणारा एक माणूस आहे, त्याला बोलावू का?"

धावरं! तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. माझे माहेर लातूरचे. मी तिसरीत असताना गावी आमच्या चुलत आजीच्या पायाला असेच झाले होते. गेरूचा लेप झाला, मंत्र झाला, लिंबाचा पाला झाला. लाली रोज वर चढत होती आणि चौथ्या दिवशी आजी गेली. "धावरं धावत वर गेलं," एवढेच मोठी माणसे बोलली. धावते म्हणून धावरे. आपल्या आज्या-पणज्यांनी नाव अगदी नेमके ठेवले होते, औषध तेवढे त्यांच्या हाती नव्हते.

मी रिक्षा बोलावली.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, ताप पाहिला, साखर तपासली. ती बरीच वाढलेली होती. मग टाच उलटून बघितली. थंडीने पडलेल्या भेगांपैकी एक चांगली खोल होती. "हा बघा दरवाजा," त्या म्हणाल्या. "इथनंच आत शिरलाय." मग म्हणाल्या, "पेन आहे का तुमच्याकडे?" मी पर्समधून वह्या तपासायचे पेन काढून दिले. त्या हसल्या. "बाई, लालीवर लाल रेघ कशी दिसायची? निळं द्या." आणि त्यांनी निळ्या बॉलपेनने लालीच्या कडेकडेने पायावर रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली: सकाळी ११.२०. "औषध लागू पडायला एखादा दिवस लागतो, तोवर लाली थोडीशी रेघेबाहेर गेली तर घाबरू नका. पण भराभर पुढे सरकली, थंडी वाजून ताप आला, किंवा आजी बरळायला लागल्या, तर रात्र असली तरी थांबायचं नाही."

संध्याकाळी सहाला लाली रेघेच्या चार बोटे पुढे होती. आणि सासूबाई मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारीत होत्या. त्या रात्री त्यांना दवाखान्यात दाखल केले, शिरेतून औषध सुरू झाले आणि औषधाआधी रक्ताचा नमुना तपासणीला गेला. तिसऱ्या दिवशी कागद आला. वर जंतूचे नाव होते, 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस'. खाली औषधांची यादी. पेनिसिलीनपुढे 'लागू'. आणि ॲझिथ्रोमायसिनपुढे 'लागू नाही'.

माझ्या त्या दुधाबरोबरच्या गोळीने आम्ही एक अख्खी रात्र फुकट घालवली होती.

सासूबाई सात दिवसांनी घरी आल्या. त्यांना भेटायला लातूरहून माझी भाची आली. ती एम.एस्सी. आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात. रात्री जेवणे झाल्यावर मी तो कागद तिच्यापुढे धरला आणि म्हटले, "मला पाचवीच्या मुलीला सांगतात तसं सांग." तिने सांगितलेले आणि मागाहून मी वाचलेले, असे दोन्ही आज तुमच्यापुढे ठेवते.

हा जंतू माळेसारखा दिसतो. पोतीत काळे मणी ओवावेत तसा एकापुढे एक. १८७४ मध्ये बिलरोथ नावाच्या शल्यवैद्याने त्याला हे ग्रीक नाव दिले. एरवी तो कित्येकांच्या घशात किंवा कातडीवर मुकाट्याने राहतो. ओसरीवर बसलेला पाहुणाच म्हणा ना. फार तर घसा धरतो, लहान मुलांच्या तोंडावर पुळ्या आणतो. पण कधी तो ओसरी सोडून माजघरात घुसतो. रक्तात, स्नायूंत, फुप्फुसाच्या आवरणात, म्हणजे जिथे कोणताही जंतू असता कामा नये तिथे सापडतो. डॉक्टर ह्यालाच 'आक्रमक' संसर्ग म्हणतात. क्वचितच होते असे, पण झाले की तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही.

मैत्रिणींनो, ह्या जंतूने सगळ्यांत जास्त छळले आहे ते आपल्या बाईमाणसाला. पूर्वी बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाने फणफणून जायची, तो सूतिकाज्वर बऱ्याच वेळा ह्याचाच. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये सक्ती केली की बाळंतिणीला हात लावण्याआधी प्रत्येक डॉक्टरने हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायचे. १८४६ मध्ये त्या विभागात शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावत होत्या. १८४८ मध्ये हा आकडा दीडच्याही खाली आला. तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला मोठमोठे डॉक्टर तयार नव्हते. पुढे १८७९ मध्ये पाश्चरने सूतिकाज्वर झालेल्या स्त्रियांत हीच मण्यांची माळ असल्याचे दाखवून दिले.

आता माझा भाचीला प्रश्न होता, "एकदा हा आजार होऊन गेला, की गोवरासारखा पुन्हा होत नाही का?"

ती म्हणाली, "मावशी, हा जंतू साडी बदलतो."

त्याच्या अंगावर एका प्रथिनाचे आवरण असते, त्याला 'एम प्रथिन' म्हणतात. आपले शरीर जंतूला ओळखते ते ह्या आवरणावरून. आपण नाही का, लग्नात लांबून एखादीला साडीच्या काठावरून ओळखत! पण काठ वेगळा असला की ओळख चुकते. एका प्रकाराशी लढायला शिकलेले शरीर दुसऱ्या प्रकारापुढे नवखेच. असे काठ किती? दोनशेहून जास्त प्रकार आजवर नोंदले आहेत.

हे शोधून काढले एका बाईने, हे ऐकून मला फार बरे वाटले. रिबेका लान्सफिल्ड त्यांचे नाव. पहिल्या महायुद्धाच्या वेळी टेक्सासमधल्या लष्करी छावण्यांत सैनिक ह्या जंतूने मरत होते. तिथून आलेले सव्वाशे नमुने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत तपासायला आले आणि तिथे ही तरुण मुलगी कामाला होती. सगळे नमुने एकाच जंतूचे असे लोक समजत होते. त्यांचे निरनिराळे प्रकार आहेत हे त्या कामातून कळले. १९२८ मध्ये त्यांनी एम प्रथिनावर लिहिले, १९३३ मध्ये ह्या जंतूंचे गट पाडले. आज डॉक्टर 'अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस' म्हणतात ते त्यांच्याच गटवारीने. संसार, मुलगी सांभाळून त्यांनी साठ वर्षे हेच काम केले, नमुने बरण्यांतल्या मसाल्यासारखे नावनिशीवार जपून ठेवले. १९८१ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या प्रयोगशाळेला लोक गमतीने स्कॉटलंड यार्ड म्हणत. कुठे साथ आली की नमुना तिकडे जायचा आणि ह्या चोर ओळखून द्यायच्या.

आता काम काठ बघून नव्हे, तर जंतूच्या जनुकांची अक्षरे वाचून होते. अठरा लाखांहून जास्त अक्षरे असतात म्हणे त्याच्या पोथीत. इंग्लंडात २०१४ पासून लाल पुरळाचा ताप, ज्याला स्कार्लेट फीवर म्हणतात, तो मुलांत फार वाढला. त्यापाठोपाठ आक्रमक संसर्गही वाढला. शास्त्रज्ञांनी जुने-नवे नमुने शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा 'एम १' प्रकाराची एक नवी शाखा सापडली. जुन्या आणि नव्या पोथीत फरक केवढा? सत्तावीस अक्षरांचा! आम्ही मास्तरणी एवढ्या चुका शुद्धलेखनात सोडूनही देतो. पण तेवढ्याने हा जंतू आपले एक विष पूर्वीच्या कितीतरी पट तयार करू लागला होता. २०१९ मध्ये हे जाहीर झाले. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने कळवले की ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वीडन ह्या पाच देशांत लहान मुलांतले आक्रमक संसर्ग वाढले आहेत. जपानात तर ह्या जंतूंमुळे होणाऱ्या अतिगंभीर आजाराचे, ज्यात रक्तदाब एकाएकी कोसळतो, २०२३ मध्ये ९४१ रुग्ण नोंदले गेले. २०२४ चा जून उजाडतो न उजाडतो तोच हा आकडा ९७७ वर गेला.

मी म्हटले, "हे सगळं तिकडचं. आपल्याला काय त्याचं?"

"मावशी, आपल्याकडे तर साड्यांचं दुकानच आहे," ती म्हणाली. चंदीगड आणि वेल्लोरच्या अभ्यासांत दिसले आहे की आपल्या देशात एकाच भागात ह्या जंतूचे कितीतरी प्रकार एकदम नांदत असतात. म्हणून तिकडच्या प्रकारांवर बेतलेली लस आपल्या पोरांना पुरी पडेलच असे नाही. ह्या जंतूवर अजून कुठलीच लस बाजारात आलेली नाही. ती करायची तर आधी इथे कोण कोण नांदते ते मोजावे लागेल.

मोजल्याचा उपयोग होतो, ह्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. ह्याच जंतूचा एक भाऊ आहे, न्यूमोकोकस. लहान बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर आणणारा. त्याचे तर शंभरावर प्रकार. पण कोणकोणत्या प्रदेशात कोणते प्रकार बाळांना जास्त मारतात ह्याची वर्षानुवर्षे मोजदाद झाली. तिच्या आधारे आपल्यासारख्या देशांना लागू पडतील असे दहा प्रकार निवडून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लस केली. डिसेंबर २०२० मध्ये ती आपल्या देशात आली. २०२१ पासून न्यूमोकोकसची लस आपल्या राज्याच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्याला. तुमच्या नातवाचे, भाच्याचे कार्ड काढून बघा, तिन्ही खुणा आहेत ना!

आणि एक दिलाशाची गोष्ट. हा जंतू इतके काठ बदलतो, पण साध्या पेनिसिलीनपुढे अजूनही हार खातो. ऐंशी वर्षे झाली तरी पेनिसिलीनला दाद न देणारा अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस दवाखान्यांत आढळलेला नाही. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन होऊ लागले. त्या आधी आपल्याकडे हे औषध परदेशातून यायचे. ॲझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांचे मात्र तसे नाही. ती आपण खोकल्याला, सर्दीला, उगाच दुकानातून आणून खातो, अर्धवट सोडतो, आणि जंतू शहाणा होत जातो. म्हणजे जंतू बदलतो तो काही फक्त आपल्या आपण नाही. त्याला शिकवणी आपणच लावतो. मी स्वतः एक शिकवणी दिलीच होती.

आता नेहमीप्रमाणे घरात करायच्या गोष्टी:

पाय बघा. टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या हे धावऱ्याचे दरवाजे. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. भेगांना व्हॅसलीन चोळा. चिखल्यांना डॉक्टरांकडून मलम घ्या. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर त्याचे तळवे दुसऱ्याने रोज बघावेत. त्याला स्वतःला दुखलेले कळतही नाही.

रेघ ओढा. लाली, सूज, गरमपणा दिसला की कडेने निळ्या पेनची रेघ, शेजारी वेळ, आणि मग डॉक्टर. रेघ ओढून घरी थांबायचे नाही, ती डॉक्टरांना दाखवायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुष्कळदा उठून दिसत नाही. तळहात उलटा करून गरम लागते का ते पाहा, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. गेरूचा लेप लावला तर कड झाकली जाते, एवढे तरी ध्यानात असू द्या.

तासाचाही उशीर नको. दिसते त्यापेक्षा फारच जास्त दुखणे, जांभळी-काळी झाक किंवा फोड येणे, हुडहुडी भरून ताप, धाप लागणे, लघवी कमी होणे, माणूस गुंगीत जाणे किंवा बरळणे. ह्यांतले काहीही असेल तर सरळ मोठा दवाखाना.

बाळंतीण आणि कांजिण्या. बाळंतपणानंतर ताप आला तर "दूध उतरतंय" म्हणून सोडून देऊ नका. कांजिण्यांतल्या मुलाचा ताप उतरून पुन्हा चढला, किंवा एखादी पुळी सुजून ठणकू लागली, तर लगेच दाखवा. ह्या दोन्ही वेळी जंतूला आत शिरायला वाव मिळतो.

मुलांचा घसा. बहुतेक घसे साध्या विषाणूंनी दुखतात, त्यांना जंतुनाशक लागतच नाही. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप आहे, घशात पांढरे ठिपके आहेत, गळ्याशी गाठी दुखताहेत आणि खोकला मात्र नाही, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पेनिसिलीन दहा दिवस सांगितले तर दहा दिवस. अर्धवट सोडलेल्या घशातून दोन-चार आठवड्यांनी सांधे धरणारा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. माझ्या वर्गात अशी एक मुलगी आहे. दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि त्या दिवशी ती डबासुद्धा खात नाही. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते. २०१३ मध्ये पालघरला ह्या योजनेची सुरुवात झाली. हृदयाचा हा आजार त्यांच्या यादीत आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

हात धुवा. सांगणे सोपे, हे मी लातूरची मुलगी म्हणून जाणते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा आईकडे भांडी घासायलासुद्धा मोजून पाणी असायचे. तरी आई एक तांब्या वेगळा ठेवायची: जखम बांधायच्या आधीचा आणि बाळाला घ्यायच्या आधीचा. टंचाईतही तेवढा एक तांब्या निघतो.

कागद जपा. तपासणीचा कागद गोळ्यांच्या पाकिटापेक्षा महत्त्वाचा. डॉक्टर नमुना पाठवायचा म्हणाले तर "कशाला उगाच खर्च" म्हणू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आपल्याकडे नांदेडला, लातूरला आणि अंबाजोगाईला आहेत. तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. आपल्या माणसाला कोणते औषध लागू पडेल हे तर त्यातून कळतेच. शिवाय कुठल्या गावात कोणता जंतू आला ही मोजदादही अशाच एकेका कागदाने होते. लान्सफिल्डबाईंच्या बरण्यासुद्धा कुणा ना कुणाच्या आजारपणाच्याच होत्या.

कपाटातल्या त्या उरलेल्या गोळीचे काय केले? आता माझ्या घरात उरलेली गोळी असतच नाही. कोर्स पुरा होतो, नाही तर मी दारात उभी असते.

सासूबाई आता बऱ्या आहेत. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा अंघोळ घालताना त्यांच्या पायावरच्या बॉलपेनच्या रेघा मी साबणाने चोळत होते. एकात एक अशा तीन रेघा होत्या, वेळा लिहिलेल्या. शेवटची सगळ्यांत आतली, लाली उतरू लागली तेव्हाची. "पुसू नको गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "आतली राहू दे दोन दिवस. कुठवर आलं होतं आणि कुठनं माघारी गेलं, ते मला बघू दे."

मी ती तशीच ठेवली. आमच्या चुलत आजीच्या पायावर अशी एकही रेघ कुणी ओढली नव्हती.

पुढच्या संक्रांतीच्या वाणाला मी ह्या खेपेला डबी-वाटी आणणार नाही, व्हॅसलीनची एकेक डबी आणि एक निळे बॉलपेन देणार आहे. बायका हसतील. हसू देत!

पुढल्या आठवड्यात उन्हाळी वाळवणाविषयी बोलू.